लाल दोऱ्याची कॅसेट

दमयंती मोहितेनं खेड तालुक्यात एकवीस वर्षं नर्सची नोकरी केली. डोंगरातल्या वाड्या पायी हिंडायच्या, बाळंतपणं करायची, पोरांना लस टोचायची. भावानं कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर तिच्या पिशवीत औषधांच्या जोडीला असायचा. एखाद्या बौद्धवाडीत मुक्काम पडला की ती म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायची. कोणी आंबेडकरी जलशातली गाणी म्हणायचं, कोणी पाणवठ्यावरच्या मारामारीची हकिगत सांगायचं, कोणी नुसतंच रडायचं. तेही ती टेप करायची. आपल्या घरातली बाळंतपणं हिनं केलीत, हिच्यापासून काय लपवायचं, असं लोकांना वाटे.

निवृत्त झाल्यावर ती रत्नागिरीत, कुवारबावच्या पुढे घर बांधून राहिली आणि पुढच्या दोन खोल्यांत तिनं हा सगळा ठेवा मांडला. तीनशेवर कॅसेटी, जलशांच्या हाती लिहिलेल्या वह्या, पलटणीत गेलेल्या आजे-पणज्यांची पत्रं, मोर्चांची हँडबिलं, फोटो. दारावर पाटी लावली: ‘साक्ष संग्रह’. सरकारी अनुदान घेतलं नाही, कुठल्या पक्षाचंही नाही. “भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा हे मला कोणी सांगता कामा नये,” एवढंच ती म्हणायची.

आधी अभ्यास करणारी मुलं यायची. मग फिल्मवाले यायला लागले. पहिला आला तो जलशाच्या फडाचा एक जुना फोटो घेऊन गेला आणि फिल्ममध्ये त्याखाली ‘कोकणातील लोकनर्तक’ असं लिहून मोकळा झाला. फोटोत डफ धरून उभे असलेले दमयंतीचे चुलत आजोबा गिरणीत संप करून तुरुंगात गेलेले होते. त्यांनी जन्मात नाच केला नव्हता. दुसरीनं दमयंतीला कपाटावरची धूळ तीन वेळा पुसायला लावली, प्रकाश बरोबर पडत नव्हता म्हणून. तिची फिल्म परदेशात कुठंतरी दाखवली गेली असं कळलं. इथं एक प्रत पाठवायचं तिनं कबूल केलं होतं, ती आलीच नाही.

तेव्हापासून दमयंतीनं नियम केला. ऐकायचं ते इथं बसून ऐकायचं. बाहेर न्यायचं तर ज्याचा आवाज त्याला आधी विचारायचं. आणि ज्या कॅसेटवर लाल दोरा गुंडाळलेला आहे, तिच्याबद्दल विचारायचंसुद्धा नाही. अशा नऊ कॅसेटी होत्या. त्यातली एक सगुणाची.

सगुणा सातकोंडची. खेडपासून तासाभरावर, सह्याद्रीच्या पायथ्याला हे गाव. शहाऐंशी साली तिथल्या बौद्धवाडीनं ठरवलं की यापुढं मेलेली गुरं ओढायची नाहीत आणि शिमग्याला पालखीपुढं वाजवायचं नाही. गावानं वाडी वाळीत टाकली. दुकान बंद, गिरण बंद, विहीर बंद. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला, सगुणाचा नवरा धोंडूही तिकडेच. अशात, ऐन शिमग्यात, सगुणाला आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. गाडीरस्ता दोन कोसांवर, आणि आजारी माणसाला न्यायची गावाची डोली देवळात ठेवलेली. सासू डोली मागायला गेली. गावचा मानकरी बाबू गावकर सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, पालखीशेजारी उभा होता. तो म्हणाला, “ज्यांना आमची पालखी नको, त्यांना आमची डोलीबी नको.”

मूल आडवं आलं होतं. भर दुपारी, सगळे पुरुष सहाणेवर असताना, त्याच बाबू गावकराची बायको गंगा मागच्या काजूतल्या वाटेनं सगुणाच्या घरी आली. स्वतःच्या आईकडून ती सुईणपण शिकली होती. तिनं मूल सोडवलं. मूल तीन दिवस जगलं. सगुणा वाचली.

दहा वर्षांनी सगुणानं हे सगळं नर्सबाईला सांगितलं. दीड तास बोलली. शेवटी म्हणाली, “बाय, गंगावहिनी हाय तवर हे कुणाला ऐकवू नको हां. माझं काय व्हायचं ते झालं. तिला त्या घरात ऱ्हायचं हाय.”

दमयंतीनं तिच्यासमोरच कॅसेटला लाल दोरा गुंडाळला.

विनीत तांबे आला तो चार वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता. तिशीतला, मुंबईत वाढलेला. पण आजोबा लांज्याकडच्या बौद्धवाडीतून गिरणीत गेलेले. त्यानं आल्या आल्या कॅमेरा काढला नाही. नियमांचा कागद वाचला, खाली सही केली आणि कपाटाजवळ उकिडवा बसून कॅसेटी बघू लागला.

“मावशी, ह्यांना बुरशी लागलीय,” तो म्हणाला.

दमयंतीला ते माहीत होतं. इथली दमट खारी हवा कशालाच सोडत नाही. दर दिवाळीनंतर ती कॅसेटी उन्हात ठेवायची, पण आतल्या फितीवर पांढरे ठिपके वाढतच होते. विनीत महिन्यातून आठ दिवस येऊन राहू लागला. एकेक कॅसेट उघडायची, फीत मऊ कापडानं पुसायची, जुळवून परत बसवायची, मग कंप्युटरवर उतरवून घ्यायची. दमयंतीच्या हातची तिसऱ्यांची आमटी त्याला आवडायची. आजीची आठवण येते म्हणायचा. संग्रहातली एक म्हातारी गाताना मध्येच खोकते, तिथं तो दर वेळी हसायचा. सातआठ महिन्यांत त्यानं सगळ्या कॅसेटी वाचवल्या, लाल दोऱ्यांच्या तेवढ्या उरल्या.

त्याही दमयंतीनंच त्याच्या हातात दिल्या. “फक्त उतरवून ठेव. वापरायच्या नाहीत.”

“नाही वापरणार,” तो म्हणाला.

सगुणाची कॅसेट उतरवून झाली त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, “मावशी, वाळीत टाकण्यावर फिल्म करतोय मी. आकडे आहेत, कोर्टाचे कागद आहेत, वकील बोललेत. पण हा आवाज नसेल तर ती नुसती माहिती होईल. लोक बघतील आणि विसरतील.”

“ते द्यायचं नाही, विनीत.”

“सगळं नको. एक मिनिट. नाव नाही, गाव नाही. तुम्ही स्वतः ऐका आणि मगच हो म्हणा.”

“सगुणाताईला विचारावं लागेल.”

“विचारू या ना. मी येतो तुमच्याबरोबर.”

पण दमयंती गेली नाही. गुडघे दुखतात, पाऊस आहे, एसटी वेळेवर नाही, अशी कारणं ती स्वतःला देत राहिली. खरं कारण तिला ठाऊक होतं. सगुणा नाही म्हणाली असती. आणि दमयंतीला तो आवाज बाहेर जायला हवा होता. आयुष्यभर जमवलेलं हे सगळं दोन खोल्यांत बुरशी खात पडलंय, आपण गेल्यावर कोण उघडणार कपाटं, हा विचार तिला वर्षानुवर्षं खात होता. ज्यांनी डोली नाकारली त्यांच्या पोरांनी एकदा हे ऐकावं, असंही तिला वाटत होतं. आणि हा मुलगा आपला होता.

विनीतनं तुकडा कापून आणला. तिनं तो दोनदा ऐकला. सगुणा म्हणत होती: “सगळे बाप्ये सहाणेवर. तेव्हा वरच्या वाडीतली एक बाई आली, मागच्या वाटेनं. पायातली जोडवी काढून पदराला बांधलीन, दगडावर वाजू नयेत म्हणून. तिनं मला हात लावलान. जाताना गाठ सुटली नि एक जोडवं पडलं. ते मी अजून ठेवलंय.”

नाव नव्हतं, गाव नव्हतं. दमयंतीनं मान डोलावली. विनीतनं पुन्हा विचारलं, “सगुणाताईंना विचारलंत?”

“विचारलं,” दमयंती म्हणाली.

फिल्म मुंबईत दाखवली, पुण्यात दाखवली, तिला बक्षीस मिळालं. रत्नागिरीतही एका हॉलमध्ये खेळ झाला. सगुणाचा आवाज आला तेव्हा पडद्यावर फक्त काजूच्या बागेतली एक पायवाट होती. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली रडत होत्या. विनीतनं दमयंतीला स्टेजवर बोलावलं, तिच्या पाया पडला आणि फिल्मची प्रत सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी प्रत द्यायचा शब्द पाळला होता. दमयंतीला त्या दिवशी फार बरं वाटलं.

दोन महिन्यांनी तो एका मिनिटाचा तुकडा कोणीतरी कापून मोबाइलवर फिरवला. फिरत फिरत तो सातकोंडच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथं तो निलेश गावकरनं पाहिला. निलेश गंगेचा मुलगा. त्या शिमग्याला तो नऊ वर्षांचा होता. आईच्या पायातलं जोडवं नदीवर धुणं धुताना हरवलं म्हणून आजीनं केलेला आकांत त्याला आठवत होता. जोडवं हरवणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावरचा अपशकुन. बापानं आईला अंगणात मारलं होतं. सगळ्या वरच्या वाडीनं ते पाहिलं होतं. त्यामुळे वरच्या वाडीत पन्नाशीपुढच्या कोणालाच काही सांगावं लागलं नाही.

बाबू गावकर मरून गेला होता, पण पालखीला पहिला खांदा द्यायचा मान अजून त्याच्या घराचा होता. दुसऱ्या मानकऱ्यांना निमित्त मिळालं. वाळीत टाकलेल्या घरात जाऊन, बाळंतिणीचा विटाळ घेऊन आलेली बाई त्याच हातानं देवाचा नैवेद्य करत होती, असं ते म्हणू लागले. देवळात बैठक बसली. निलेश मुंबईहून आला. बैठकीआधी त्यानं आईला समजावलं, “आये, तू फक्त नाय म्हण. ती बाई खोटं बोलते म्हण. एवढंच.”

गंगेला देवळाच्या पायरीशी उभं केलं. वय तिचं त्र्याहत्तर. एका मानकऱ्यानं विचारलं, “गेली होतीस काय?”

“गेलंतं,” गंगा म्हणाली. “देवाच्या दारात खोटं कशी बोलू?”

मान गेला. निलेश त्याच दिवशी मुंबईला परत निघाला. जाताना आईशी बोलला नाही. गावच्या घरातल्या धाकट्या सुनेनं म्हातारीचं अंथरूण पडवीत आणून टाकलं आणि तिचं ताट वेगळं केलं.

हे दमयंतीला कळलं ते सगुणा दारात येऊन उभी राहिली तेव्हा. एसटीनं एकटी आली होती. हातात पिशवी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. दमयंतीनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

“माझा आवाज त्या फिल्मवाल्याकडं गेला कसा?”

“मी दिला,” दमयंती म्हणाली.

“मला इचारलंस?”

“नाही.”

“का नाय इचारलंस?”

“नाव काढून टाकलं होतं, सगुणाताई. मला वाटलं—”

“नाव!” सगुणा म्हणाली. “जोडवं कुणाचं ते अख्ख्या गावाला ठावं. तू इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.”

दमयंतीनं तिच्यासमोरच विनीतला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “माझ्या हातात आहे तिथून मी काढतो, मावशी. पण फिल्म आता माझ्या एकट्याची नाही, ज्यांनी दाखवायला घेतलीय त्यांच्याशी करार झालेत. आणि तो तुकडा तर किती मोबाइलमध्ये गेलाय… पण तुम्ही म्हणाला होतात, त्यांना विचारलंय.”

“खोटं बोलले मी.”

“मला शंका आली होती,” तो हळूच म्हणाला. “मी परत विचारायला हवं होतं. मला तो आवाज हवाच होता. तुम्हाला वाटलं असेल, मी आपला आहे, मी सांभाळीन.”

“म्हणूनच दिला,” दमयंती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सगुणा म्हणाली, “उद्या माझ्यासंगं चल. मला एकटीला तिकडं कुणी जाऊ देणार नाय. तू नर्सबाई हायस. तुला आडवणार नायत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी गावकरांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. सून आतून बाहेर आली, तिनं दोघींकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. गंगा पडवीत घोंगडीवर बसली होती. पाय सुजले होते. दमयंतीनं सवयीनं खाली बसून तिचा घोटा दाबून पाहिला. बोट रुतलं तिथं खळगा तसाच राहिला.

“हृदयाची सूज आहे ही. दवाखान्यात न्यायला पाहिजे.”

“कोण नेतंय,” गंगा म्हणाली. सगुणा अंगणातच उभी होती. इतक्या वर्षांत ती ह्या घराची पायरी कधी चढली नव्हती. दोघी भेटायच्या त्या नदीवर, लाकडं आणताना डोंगरात; एकमेकींकडं बघायच्या, कधी फणसाचे गरे द्यायच्या, पुढं जायच्या.

“वहिनी, मी नाय गो सांगितलं त्यांना,” सगुणा म्हणाली.

“सांगितलंस तर होतंसच. टेपात.”

“ते हिच्यापाशी ठेवायला. तू हायस तवर कुणाला ऐकवू नको म्हटलं होतं.”

दमयंती म्हणाली, “चूक माझी आहे, गंगावहिनी. मी—”

गंगेनं तिच्याकडं पाहिलंच नाही. ती सगुणाशी बोलत होती. “मला लाज नाय वाटत त्याची. पुन्हा जायचं झालं तर पुन्हा जाईन. पण निलेश फोन उचलत नाय. नातवंडांची सुट्टी गेली, आली नायत. तुझं पोर तेव्हा गेलं. माझी आता गेली.”

सगुणानं पदर तोंडाला लावला. गंगा म्हणाली, “जावा आता. ती आत वैतागंल, मग मला आयकावं लागंल.”

दमयंतीनं खेडला परत जाऊन ओळखीच्या डॉक्टरला सांगितलं, रुग्णवाहिकेसाठी फोन केले. गाडी गेली, तर सुनेनं सांगितलं, म्हातारी ठीक आहे, न्यायचं नाही. निलेशला केलेल्या फोनवर तो एवढंच म्हणाला, “बाई, तुमचा हात जिथं लागला तिथं पुरे झालं.”

गंगा गणपतीच्या आधी चार दिवस गेली. निलेश आला, त्यानं सगळं रीतीनं केलं. सगुणाला जवळ जाता आलं नाही. ती नदीच्या अल्याड, भाताच्या कुणग्याच्या बांधावर, धूर दिसेनासा होईपर्यंत उभी होती. भाताला तेव्हा कणसं धरत होती.

पितृपक्ष संपल्यावर सगुणा पुन्हा रत्नागिरीत आली. ह्या वेळी ती आत येऊन खुर्चीवर बसली.

“माझी कॅसेट दे,” ती म्हणाली.

दमयंतीनं कपाटातून काढून दिली. सगुणानं ती उलटसुलट करून पाहिली. “ही मोडली की आवाज जाईल?”

“कंप्युटरमध्येही आहे.”

“तिथनं पण काढ. माझ्यासमोर.”

“सगुणाताई, ऐक माझं. आता गंगावहिनी नाहीत. तू म्हणाली होतीस, त्या असेपर्यंत. आता उलट हे राहायला पाहिजे. डोली कोणी दिली नाही, बाळ कसं गेलं, सासूला काय म्हणाले, हे तुझ्याशिवाय सांगणारं कोणी नाही. दीड तास आहे हे. उद्या कोणी म्हणालं, असं काही झालंच नाही, तर?”

“तर म्हणू दे.”

“मी कपाटाला कुलूप लावते. कोणालाही देणार नाही.”

“लाल दोरा पण तूच बांधला होतास,” सगुणा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

दमयंतीनं कंप्युटर सुरू केला. फाइल पुसली. विनीतनं दुसरीकडं ठेवलेली प्रत त्यालाही फोन करून पुसायला लावली. पुसली म्हणाला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. मग सगुणानं स्वतःच पेन्सिलीनं फीत बाहेर ओढायला सुरुवात केली. फीत निघतच होती. तपकिरी चमकत्या फितीचा ढीग तिच्या मांडीवरून जमिनीवर आला. विनीतनं ती इतकी स्वच्छ केली होती की बुरशीचा एक ठिपका नव्हता. मागच्या अंगणात सुक्या झावळ्यांच्या आगीत त्यांनी ती टाकली. उग्र वास सुटला, दोघींना खोकला आला.

“आता कुठं हाय काय आणखी?”

“फिल्ममधलं ते एक मिनिट आहे. ते माझ्या हातात नाही.”

सगुणानं ते ऐकून घेतलं. “म्हंजे जे नको होतं तेवढंच ऱ्हायलं,” ती म्हणाली. पिशवी उचलली आणि दमयंती स्टँडपर्यंत येते म्हणत असताना रस्त्याला लागली.

ही गोष्ट वाड्यावाड्यांत पसरायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या आसपास लोक येऊ लागले. कोणाच्या बापाचा आवाज, कोणाच्या आजीचा. कोणी भांडलं नाही. दारात उभे राहून, चपला न काढता म्हणायचे, “नर्सबाय, आमची तेवढी द्या.” दमयंती शोधून द्यायची आणि कंप्युटरमधली प्रत त्यांच्यासमोर पुसायची. एक म्हातारा गृहस्थ स्वतःचीच कॅसेट न्यायला आला. त्याच्या पोरीचं लग्न ज्या गावात झालं, त्याच गावाबद्दल तो त्यात बोलला होता. “तुमच्यावर राग नाय,” तो म्हणाला, “पण आता झोप लागत नाय.”

वर्षअखेरीपर्यंत एक अख्खं कपाट रिकामं झालं. नेलेल्या कॅसेटी ऐकायचं साधन कोणाच्याच घरी नव्हतं. लोक त्या पिशवीत घालून, वर भाजी नाहीतर कपडा टाकून न्यायचे.